मशीनमधला प्रोग्राम खरा धरायचा की कॉम्प्युटरमधला? सीएनसी प्रोग्रामची रिव्हिजन तुम्ही कशी सांभाळता?

अक्कलकोटरोड_टर्निंग

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं शॉप आहे, तिथलं प्रॉडक्शन मी बघतो. चार टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ), सगळ्यांचा कंट्रोल फॅनुक ओआय मेट, त्यातली दोन जुन्या टीसी मॉडेलची आणि दोन टीडीची. दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), त्याही फॅनुकच. नंतर घेतलेलं एक सीमेन्स ८२८डी. दोन शिफ्ट, प्रोग्रामर एकच.

झालं असं, की एका फ्लँजचं ड्रॉइंग ग्राहकाने रिव्हिजन सी वरून डी केलं. ओ-रिंगची खाच ३.६ मिमी रुंद होती ती ३.२ झाली, बाकी सगळं जसंच्या तसं. प्रोग्रामरने नवा प्रोग्राम करून तीन नंबर मशीनवर टाकला, नग पास झाले, माल गेला. पुढच्या ऑर्डरला तीन नंबर मोकळं नव्हतं, म्हणून जॉब एक नंबरवर लावला. तिथे या जॉबचा प्रोग्राम, ओ००१२, आधीपासून बसलेलाच होता, सी ड्रॉइंगचा. सेटरला वाटलं प्रोग्राम आहेच की, परत कशाला चढवायचा. पहिला नग तपासलाही, पण मशीनजवळच्या पाकिटातला तपासणीचा कागद जुनाच, त्यामुळे कागदाप्रमाणे नग एकदम बरोबर! सकाळी फायनलला कळलं तोवर सेकंड शिफ्टने बॅच उरकली होती. रुंद पडलेली खाच अरुंद कशी करणार, सगळा माल भंगारात.

मग सगळ्या मशीनमधले प्रोग्राम बाहेर काढून बघितले. ओ००१२ तीन मशीनवर, आणि तिन्ही वेगळे. एकात फीड (फेरीमागे टूल किती मिमी सरकतं) ०.२२, एकात ०.१८, एकात रफिंगचा एक पास जास्त. सगळ्यात कमी सायकल टाइम ज्यात येतो तो कॉम्प्युटरमध्ये नाहीच, आमच्या एका जुन्या ऑपरेटरने तो मशीनवरच हळूहळू घडवलाय. कॉम्प्युटरमध्ये बघावं तर त्याच जॉबच्या फाइली 'फायनल', 'फायनल नवा', 'डी ओके' अशा नावांनी.

मालक म्हणतात एडिटची चावी (मशीनवर प्रोग्राम बदलू देणारी) काढून घ्या, विषय संपला. ऑपरेटर म्हणतात चावी काढा खुशाल, मग साइज कशी धरायची ते तुम्हीच येऊन दाखवा. एका विक्रेत्याने डीएनसी (कॉम्प्युटरवरून मशीनला प्रोग्राम पाठवायच्या) सॉफ्टवेअरचं कोटेशन पाठवलं, ते बघून मालकांनी मला चहा पाजला आणि परत पाठवलं.

सात मशीनच्या शॉपला सॉफ्टवेअरशिवाय हे जमतं का? चावी काढावी का? आणि ऑपरेटरने मशीनवर केलेली चांगली सुधारणा हातची न घालवता कशी टिपायची?

पुण्यातला_सोलापूरकर

मी आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण डिप्लोमा सोलापूरचाच. मशीनचा प्रोग्राम, म्हणजे जी-कोड, ही साधी टेक्स्ट फाइल. तिच्यासाठी गिट वापरा. २००५ पासून जगभर प्रोग्रामर हेच वापरतात, फुकट आहे. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली ते सगळं दिसतं, जुन्या रिव्हिजनवर परतही जाता येतं. 'फायनल नवा' वगैरे प्रकारच संपतो. एका कॉम्प्युटरवर बसवा, प्रोग्रामरला दोन दिवसांत जमेल.

चिंचोळी_सेटर

दादा, गिट चांगलंच असेल. पण मशीनच्या मेमरीत काय पडलंय ते त्याला कुठं दिसतं? यांचा माल कॉम्प्युटरमधल्या फाइलीने गेला नाही, एक नंबर मशीनमध्ये उरलेल्या प्रोग्रामने गेला. कॉम्प्युटरमध्ये सगळं अगदी सोन्यासारखं लावून ठेवलं असतं तरी गेलाच असता.

बघा मालक, मी चिंचोळी एमआयडीसीत सेटर म्हणून लागलो, आता प्रोग्रामिंग बघतो. सगळी उमेद फॅनुकवरच गेली. तुमच्या चावीच्या भांडणापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथं आहे.

ऑपरेटर प्रोग्राममध्ये हात का घालतो? हौस म्हणून घालत नाही. एक शाफ्ट घ्या. टेलस्टॉककडे (टोकाला आधार देणारा भाग) २५ के६, चकाकडे (जॉब पकडणारा भाग) ३५ के६. दोन्ही बेअरिंगच्या जागा, दोन्ही एकाच फिनिशिंग टूलने, टी०३०३. के६ म्हणजे साइजला दिलेली सूट: पंचविसाला १३ मायक्रॉनचा पट्टा, पस्तिसाला १६ चा. आता दोन्ही जागी जॉब सारखा घट्ट धरलेला नसतो, म्हणून दोन्ही व्यास एकसारखे उतरत नाहीत. समजा २५ बरोबर मध्यावर आला आणि ३५ बारा मायक्रॉन जादा आला. तीन नंबर ऑफसेटमध्ये (टूलच्या मापाची दुरुस्ती मशीनमध्ये भरतात तिथं) बारा कमी केले की ३५ जागेवर येतो, पण २५ सुद्धा बारा कमी होऊन खाली जातो. मग तो गडी काय करणार? एडिटमध्ये जाऊन एक्स ३५.०१० चं ३४.९९८ करणार. साइज आली, शिफ्ट सुटली.

दुपारी तोच आकडा परत बदलणार. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या वर, त्यात पत्र्याची शेड. ३५ व्यासाचा पोलादी जॉब दहा अंशांनी गरम असताना मोजला तर चार मायक्रॉन मोठा दिसतो, हे नुसतं जॉबचं झालं. स्पिंडल आणि बॉलस्क्रू वाढतात ते वेगळंच. असं करत करत महिनाभरात प्रोग्राममधल्या आकड्यांचा ड्रॉइंगशी संबंध उरत नाही. आणि आपण 'चांगला चालतोय' म्हणून तोच कॉम्प्युटरमध्ये मास्टर करून ठेवतो.

यावर उपाय प्रोग्रामरच्या हातात आहे. २५ साठी टी०३०३ आणि ३५ साठी टी०३१३ द्या. फॅनुक टर्निंगला टीच्या पुढचे पहिले दोन आकडे टूलचे, नंतरचे दोन ऑफसेटचे. टरेट (टूल बसवलेली फिरती चकती) फिरत नाही, टूल तेच, फक्त ऑफसेट तेरा लागू होतो. प्रोग्राममध्ये कायम मधली साइज लिहायची, २५.००८ आणि ३५.०१०. ऑपरेटरने दोन्ही व्यास आपापल्या वेअर ऑफसेटवर (झिजेच्या बारीक दुरुस्तीवर) धरायचे. मग प्रोग्रामला हात लावायचं त्याला कारणच राहत नाही. जिथं जिथं एका टूलवर दोन कडक साइज आहेत तिथं हे करा, मग चावी काढा. उलट्या क्रमाने केलंत तर ऑपरेटर तुमच्या नावाने बोटं मोडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

चावीचंही एक बघून घ्या. काही मशीनवर चावी बंद केली की ऑफसेटही बंद होतो. पॅरामीटर (कंट्रोलची आतली सेटिंग) ३२९० चा सातवा बिट (बिट उजवीकडून ० पासून मोजायचे) ० असेल तर ऑफसेट, सेटिंग आणि प्रोग्राम यांची कुलपं वेगवेगळ्या सिग्नलवर असतात, १ असेल तर सगळं एकाच सिग्नलवर. हे मशीन बिल्डरच्या लॅडरशी (मशीनच्या आतल्या कंट्रोल लॉजिकशी) जुळवलेलं असतं, तेव्हा परस्पर बदलू नका, त्यांच्या सर्व्हिसवाल्याला विचारा. आणि चावी म्हणजे चावी, मालक. आमच्याकडे पूर्वी ती पॅनेललाच सुतळीने बांधलेली असायची, हरवू नये म्हणून!

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. जॅकार्डच्या मागावर डिझाइनच्या कार्डांची माळ असायची. एका मागावर चढवली की तिथंच, उतरली की खुंटीला. नवी माळ चढवायची तर जुनी आधी उतरवावीच लागायची, दोन्ही एकदम राहायला जागाच नाही. आपल्याकडे नक्कल फुकटात होते आणि जुनी कोणी उतरवत नाही, तिथंच गोची होते.

म्हणून नियम एकच ठेवा: मशीनमध्ये फक्त लागलेल्या जॉबचा प्रोग्राम. जॉब उतरला की सेटरने प्रोग्राम मेमरी कार्डवर काढायचा, कॉम्प्युटरवर 'परत आलेले' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि मशीनमधून पुसायचा. ऑपरेटरवर हे सोपवू नका, सेटिंग उतरवायचं कामच त्याशिवाय पुरं झालं असं धरू नका. पुढच्या वेळी जॉब लागेल तेव्हा मशीनमध्ये काहीच नसेल, सेटरला कॉम्प्युटरकडे यावंच लागेल, आणि तिथं चालू फोल्डरमध्ये एका जॉबची एका ऑपरेशनची एकच फाइल असेल. तुमचं एक नंबर मशीन रिकामं असतं तर ती बॅच गेलीच नसती.

पॅरामीटर ३२०१ चा दुसरा बिट ० आहे ना तेही बघा. १ असेल तर त्याच नंबरचा नवा प्रोग्राम चढवताना जुना गुपचूप पुसला जातो. ० असला की ७३ नंबरचा अलार्म येतो, नंबर आधीच वापरात आहे म्हणून. काही जणांना तो अलार्म कटकट वाटते. मला तो फार आवडतो. तो आला म्हणजे आधीच्या सेटरने पुसायचं राहिलं, आणि पुसण्याआधी बाहेर काढून बघायला हवं.

परत आलेली फाइल मास्टरशी ताडून बघायला विनमर्ज पुरतं, तेही फुकट आहे. ओळीच्या शेवटचा फरक दुर्लक्षित करायची सेटिंग त्यात आहे ती चालू करा, नाहीतर मशीनमधून आलेल्या फाइलची ओळ न् ओळ बदललेली दिसते आणि माणूस पहिल्याच दिवशी कंटाळतो. फरक निघाला तर रस्ते दोनच. सुधारणा चांगली असेल तर मास्टरमध्ये घ्या, रिव्हिजन वाढवा, आणि ज्याने केली त्याचं नाव लिहा. तुमच्या त्या जुन्या ऑपरेटरचं नाव फाइलमध्ये दिसलं की तो स्वतःहून सांगायला येईल, लिहून ठेवा. नसेल चांगली तर फाइल टाकून द्या. 'असू दे, बघू नंतर' हा तिसरा रस्ता नाही.

आरएस-२३२ केबलने चढवत असाल तर चढवल्यावरही एकदा परत वाचून ताडा. दशांशाचा पॉइंट गळाला तर फॅनुक एक्स ५० म्हणजे ५० मिलिमीटर समजत नाही, ५० मायक्रॉन समजतं. तसा पॅरामीटर बदललेला नसेल तर टूल सरळ सेंटरकडे धावतं. केबल लावताना-काढताना दोन्हीकडची पॉवर बंद ठेवा, पोर्ट उडालं की खर्च मोठा. त्यापेक्षा टीसीलाही स्क्रीनशेजारी कार्डचा खाचा आहे, तो वापरा. जुन्या कंट्रोलसाठी दोन जीबीपर्यंतचं, फॅट१६ फॉरमॅट केलेलं कार्ड घ्या.

प्रोग्रामच्या नंबरात तीन आकडे पार्टचे, एक ऑपरेशनचा. ओ०१२२ म्हणजे पार्ट १२, दुसरं ऑपरेशन. नंबरच्या लगेच पुढे कंसात पार्ट, ड्रॉइंगची रिव्हिजन आणि प्रोग्रामची रिव्हिजन: पी १२, ड्रॉ डी, प्रो ०५. कंट्रोलवर हे इंग्रजी कॅपिटलमध्येच लिहावं लागतं. फायदा असा, की प्रोग्रामची यादी उघडली तरी नंबराशेजारी हा मजकूर दिसतो. मोजकंच लिहा, निबंध नको.

कोणीतरी सांगेल की ३२०२ पॅरामीटरने आठ हजार किंवा नऊ हजारची मालिका कुलूपबंद करा. मॅक्रोसाठी (परत परत वापरायच्या छोट्या प्रोग्रामसाठी) ठीक. पण मुख्य प्रोग्राम त्यात घातला की तो स्क्रीनवर दिसत नाही आणि बाहेरही काढता येत नाही, सेटरने ट्राय घ्यायचा कसा? नका जाऊ त्या वाटेला.

सीमेन्सचं मला फारसं नाही, तिथं पासवर्डाचे स्तर असतात, त्यांच्या माणसाकडून लावून घ्या.

क्यूएवाली_ताई

सेटर काकांचं बहुतेक पटलं, एका गोष्टीवर भांडणार आहे.

'सुधारणा चांगली असेल तर घ्या' हे ठरवणार कोण? प्रोग्रामर आणि सेटर दोघांनीच ठरवलं तर सायकल टाइम कमी झाला म्हणजे चांगली. तुमच्याच फ्लँजवर बघा. ०.८ च्या नोज रेडियसला (टूलच्या टोकाच्या गोलाईला) फीड ०.१८ वरून ०.२२ केला तर हिशेबाने खडबडीतपणाची उंची पाच मायक्रॉनवरून साडेसातवर जाते. बाहेरच्या व्यासाला चालेल. पण तोच फीड ओ-रिंग बसते तिथे लावला तर व्हर्नियरवर नग पास, आणि ग्राहकाकडे गळती. म्हणून फीड, स्पीड, इन्सर्ट, पासची संख्या यातलं काहीही बदललं तर पहिला नग पूर्ण मोजायचा, फिनिशसह, आणि क्वालिटीची सही झाल्याशिवाय मास्टर बदलायचा नाही. आयएसओ ९००१:२०१५ मधलं ८.५.६ कलम हेच सांगतं: बदल तपासा, कोणी मंजूर केला त्याची नोंद ठेवा.

दुसरं, तुमची बॅच प्रोग्राममुळे गेली त्याहून जास्त त्या पाकिटातल्या कागदामुळे गेली असं माझं मत आहे. जुना प्रोग्राम लागला तरी नवा कागद असता तर पहिल्याच नगाला खाच ३.६ दिसली असती. प्रोग्राम, सेटअप शीट आणि तपासणीचा कागद, तिन्हीवर ड्रॉइंगची रिव्हिजन एकच हवी. सेटरने जॉब लावताना तिन्ही शेजारी ठेवून ते अक्षर जुळवायचं, जुळलं नाही तर सायकल स्टार्ट नाही. आमच्याकडे पाकिटं मशीनजवळ ठेवायचंच बंद केलंय, जॉब लागताना क्वालिटीतून मिळतं आणि उतरला की परत येतं.

ड्रॉइंगची रिव्हिजन आणि प्रोग्रामची रिव्हिजन वेगळी ठेवायची हे काकांनी बरोबर सांगितलं. ड्रॉइंग न बदलताही प्रोग्राम पाच वेळा बदलू शकतो.

आणि वाहन कंपन्यांचं काम करत असाल तर ग्राहकाचं नवं ड्रॉइंग आल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्याची छाननी व्हावी असं आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक म्हणतं. ड्रॉइंग कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून राहतं आणि शॉपला पत्ताच नसतो, हेही होतं.

पुण्यातला_सोलापूरकर

मान्य. मशीनमधली कॉपी माझ्या डोक्यातच नव्हती. तरी 'परत आलेले' आणि 'चालू' ही फोल्डर गिटमध्ये ठेवली तर जुन्या फाइली वेगळ्या जपाव्या लागणार नाहीत, एवढं सुचवतो.

अक्कलकोटरोड_टर्निंग

सगळ्यांचे आभार. ताई, पाकिटाचं तुमचं खरं आहे, उद्यापासूनच सगळी गोळा करतो. काका, टी०३१३ करून बघितलं. टीडीवर मस्त चाललं, टीसीवर मात्र ३५ चा व्यास कुठल्या कुठे गेला, बरं की हवेत ट्राय घेत होतो. दोन्ही मशीनवर प्रोग्राम तोच. असं का?

अजून एक. हाच ग्राहक कधीकधी सी ड्रॉइंगचे नग स्पेअरसाठी मागतो. मग सीचा प्रोग्राम पुसायचा की ठेवायचा?

चिंचोळी_सेटर

हवेत ट्राय घेतलात हे झकास केलं.

दोन्ही मशीनवर पॅरामीटर ५००२ चा पहिला बिट बघा. तुमच्या टीडीवर तो १ असणार, म्हणजे जॉमेट्री (टूलचं मूळ माप) टूलच्या नंबरावरून घेतली जाते आणि वेअर ऑफसेटच्या नंबरावरून. टीसीवर ० असणार, तिथं जॉमेट्रीही तेरा नंबरचीच लागते, आणि तेरा नंबरला तुमच्याकडे शून्य नाहीतर कुठल्यातरी जुन्या टूलचा आकडा पडलेला आहे. टीसीवर तो बिट लगेच बदलू नका, त्या मशीनचे बाकीचे प्रोग्राम ० धरून लिहिलेले असतील. सध्या तीनची जॉमेट्री तेरात लिहा, एक्स, झेड, नोज रेडियस आणि टिपची दिशा, चारही. इन्सर्ट बदलून टूल परत टच केलं की दोन्हीकडे भरायचं, ते सेटअप शीटवर ठळक लिहून ठेवा. आणि टी०३१३ ची ओळ टूल जॉबपासून लांब असताना द्या, चिकटून असताना नको.

स्पेअरचं म्हणाल तर सी कॉम्प्युटरमध्ये ठेवा, पण चालू फोल्डरमध्ये नाही. पार्टच्या फोल्डरात 'जुनी ड्रॉइंग' करून त्यात, आणि क्वालिटीने लेखी मागितल्याशिवाय तिथून काही बाहेर काढायचं नाही. त्याला नंबरही वेगळा द्या, ओ०१२२ नको. मला तर वाटतं ड्रॉइंगमध्ये साइज बदलली की नंबर बदलावाच. ताईंना हे पटणार नाही, कंट्रोल प्लॅनमध्ये (क्वालिटीच्या तपासणी आराखड्यात) नंबर बदलत बसावं लागतं म्हणून. त्यांनी सांगावं.

क्यूएवाली_ताई

नाहीच पटत, काका. कंट्रोल प्लॅनमध्ये प्रोग्रामचा नंबर लिहायचा तो कायम राहावा म्हणून, दर ड्रॉइंगला बदलायला लागलो तर कोण बघणार? नंबर तोच, रिव्हिजन कंसात. स्पेअरच्या सी साठी मात्र वेगळा नंबर चालेल, तो आता वेगळा पार्टच समजा.

चिंचोळी_सेटर

बरं, तुमचं खरं. आणि मालक, हे सगळं पुसापुशीचं सुरू करायच्या आधी साती मशीनचे प्रोग्राम, पॅरामीटर, ऑफसेट आणि मॅक्रो व्हेरिएबल एकदा बाहेर काढून ठेवा. टीसी जुन्या आहेत. बॅटरीचा अलार्म लुकलुकत असेल तर आधी ती बदला, तीही मशीन चालू ठेवून. बंद मशीनची बॅटरी काढली की मेमरी साफ होऊ शकते, मग प्रोग्रामच काय, पॅरामीटरही शोधत बसावे लागतील.